गाण्यातली नावाची जागा

हिराताईकडे गाणं मागायला गेलेल्या माणसापुढे आधी वालांची परात यायची. भिजवून मोड आणलेले वाल, आणि ते बिरड्यासाठी, म्हणजे वालाच्या उसळीसाठी, बसून सोलायचे. कारखान्यातला साहेब असो, नवरा मुलगा असो की मयताच्या घरचं माणूस असो, सूट कुणालाच नव्हती. "सोला नि बोला," एवढंच ती म्हणायची आणि स्वतःही समोर फतकल मारून सोलायला लागायची. मी एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला नक्की करायचंय काय, गाणं की बिरडं?" तर म्हणाली, "हात मोकले असले का मानूस भाषन करतो, मास्तर. हात कामात असले का खरा बोलतो." गाण्यांना मागणी वाढली तसं तिच्या घरी दिवसाआड बिरडं व्हायला लागलं. तिचे यजमान त्यावरून कुरकुर करायचे, पण खायचेही तेच.

मला ती मास्तर म्हणायची ते मी शाळेत शिकवायचो म्हणून नव्हे. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत, आणि सुट्टीच्या दिवशी हळदी-लग्नांत बेंजो वाजवायचो. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. ते वाजवणाऱ्याला आमच्याकडे मास्तर म्हणतात, वाजवणं कसंही असो. मी मूळचा घाटावरचा. सुरुवातीला आगरी हळदीतली सगळी गाणी मला एकसारखीच वाटायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, नाहीतर परातीतले वाल माझ्या डोक्यावर आले असते.

आमची पहिली भेट ऐंशीच्या दशकात बदलापूरला, शिरगावातल्या एका हळदीत झाली. आम्ही जोरात होतो. तेवढ्यात हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि हातानं थांबायची खूण करून म्हणाली, "वाजवता झ्याक, पन घाईत कनाला हाव? नवरी पलून जात नाय." मग तिनं माइक घेतला. आवाज तिचा भयंकर होता. पिठाच्या गिरणीच्या दारात उभं राहून कुणी हाक मारावी तसा. पण दुसऱ्याच ओळीला मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या आणि तिसऱ्या ओळीला नवरीच्या आईनं तोंडाला पदर लावला. गाण्यात त्या आईचं नाव होतं, मावशीचं नाव होतं, आणि लहानपणी नवरी रुसली की गोठ्यात जाऊन बसायची तेही होतं. चाल तिची, शब्द तिचे. हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं गुंफायची रीत जुनीच, पण हिराताई नावाबरोबर माणूसही आणायची.

त्यासाठी तिला हवी असायची खोड. गुण सांगायला लागलं की ती हात झटकायची. "गुन सगल्यांचे सारके. खोड सांग."

अंबरनाथचा एक तरुण तिच्याकडे आला होता. त्याला एका मुलीसाठी गाणं हवं होतं. परातीसमोर बसून तो मुलीचे डोळे सांगायला लागला. "डोले सगल्यांना दोनच असतात. फुडं बोल." मग त्यानं केस सांगितले, रंग सांगितला, स्वभाव सांगितला. हिराताई नुसती वाल सोलत राहिली. शेवटी काही सुचेना तेव्हा तो म्हणाला, "मी रस्त्यात दिसलो की ती सायकलवरून खाली उतरते. मग घरापर्यंत सायकल हातात धरून चालत जाते." हिराताईनं परात बाजूला सारली. "उठ. झाला तुजा गाना."

*सायकल तुजी चालं हातानं,*
*चाकं फिरती माज्या मनानं.*

पुढे त्या दोघांच्या हळदीत मीच ते वाजवलं आणि त्या मोसमात बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात ते वाजलं नाही असा मांडव सापडला नसता. एकदा डेपोतला एक म्हातारा कंडक्टर आला. त्याचा दोस्त वारला होता. अर्धी परात सोलून झाल्यावर तो म्हणाला, "तो बिडी अर्धीच ओढायचा. अर्धी विझवून माझ्यासाठी ठेवायचा." त्या अर्ध्या बिडीवर हिराताईनं जे गाणं केलं ते ऐकून मी, कधी बिडीला हात न लावलेला माणूस, घरी जाईपर्यंत डोळे पुसत होतो.

ही सगळी गाणी दुसऱ्यांची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच गाणं होतं, ते सुमनचं.

सुमन तिची बालमैत्रीण. दोघींचं माहेर बारवी धरणाकडच्या एका वाडीत. भातलावणीला दोघी जोडीनं वाकायच्या आणि परतताना बांधावरून एकीमागे एक चालायच्या. सुमन कायम मागे, आणि चालताना हिराताईच्या पावलावर नेमकं पाऊल टाकायची. का, तर "साप असला तर आदी तुना चावंल!" हे सांगताना हिराताई हसून हसून बेजार व्हायची. सुमनचं लग्न झालं. सासरी ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, कल्पना. पुढे काही वर्षांत ती आजारानं गेली. मूलबाळ नव्हतं, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, फोटो कुणी काढलेला नव्हता. सासरच्यांच्या लेखी वारली ती कल्पना. सुमन हे नाव घेणारं, वाडीतल्या दोन-चार म्हाताऱ्या सोडल्या, तर हिराताईशिवाय कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिनं ते गाण्यात ठेवलं होतं.

*माज्या पावलात पाऊल तुजा, बांध चाललो आपुन,*
*मागं वलून बगतंव आता, सुमन गो, सुमन!*

नव्वदच्या सुमाराला कॅसेटचा धंदा तेजीत आला. उल्हासनगरला लछूशेठचं कॅसेटचं दुकान होतं. सायकलचं गाणं त्याच्या कानावर गेलं आणि त्यानं मला बोलावून घेतलं. "मास्तर, उस ताई को लाव. आठ गाणी, पूरी कॅसेट. कव्हरवर नाव टाकतो तिचा." मी उडत उडत बदलापूरला गेलो. हिराताईनं फार काही दाखवलं नाही, पण परात न मांडता चहा दिला, त्यावरून काय ते समजलो.

शेठच्या दुकानात तिनं आठही गाणी आपल्या त्या आवाजात म्हणून दाखवली. सुमनचं गाणं संपलं तेव्हा लछूशेठ चष्मा पुसत होता.

"ताई, गाना एक नंबर आहे. मेरे को पण रडू आला. पहिल्या साइडला पहिला हाच टाकू. पण ये सुमन कोण?"

"माजी मैतरीन."

"ते बरोबर. पण पेणचा गिऱ्हाईक विचारेल ना, सुमन कोण? 'साजणी' टाका. साजणी सबकी असते."

"जी सगल्यांची ती कोनाचीच नसते, शेठ."

लछूशेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं समजावलं, हात जोडले, चहावर चहा मागवला. पण धंद्यात तो पक्का होता. नाव काढा, नाहीतर गाणं काढा, यापुढे तो हलेना. आम्ही तसेच परतलो. वाटेत मीही शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, एका शब्दाचा तर प्रश्न आहे. सात गाणी तुमच्या मनासारखी होतायत ना?"

ती रस्त्यात थांबली. इतकी चिडलेली मी तिला त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. "येकदा सासरच्यांनी तांदलात बोट फिरवून तिचा नाव पुसला. आता मी कॅसेटवर पुसू? मंग तिचा काय ऱ्हायला, मास्तर? सांगा ना, काय ऱ्हायला?" आणि ते गाणं सोडून द्यायचं म्हटलं तरी सुमन तिच्या घरातल्या चार भिंतींत राहणार होती आणि तिच्याबरोबरच संपणार होती. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तिला सुमनला बाहेर न्यायचं होतं, लोकांत, मांडवात, आणि दार नेमकं नावाशीच अडलं होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी ती आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. दुकानाच्या वरच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगल्या होत्या आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. गायला एका ऑर्केस्ट्रातली मुलगी आणली होती, गोड गळ्याची. सुमनच्या गाण्याची पाळी आली तशी हिराताई तिला म्हणाली, "'बगतंव आता' इथपर्यंत गा, नि तोंड मिट. फुडं गाऊ नको."

"मग पुढे काय?" शेठनं विचारलं.

"फुडं मास्तर वाजवतील. तीन सूर. साजनी नाय नि सुमन नाय. नाव मी मनात घेतंव."

लछूशेठनं जरा विचार केला आणि मान हलवली. बिननावाच्या गाण्याला त्याची हरकत नव्हती. मी तीन सूर वाजवले. हिराताईनं नाक मुरडलं. "ही बाजारात भाजीवालीला मारल्यासारकी हाक झाली. बांदावरनं मारतात तशी मारा." मी पुन्हा वाजवले. "आता रडताव. ती फुडं गेली नाय, मागं ऱ्हायली. मागच्याला हाक कशी मारतात?" बराच वेळ हे चाललं. गाणारी मुलगी कंटाळली, ढोलवाला दोनदा पाणी पिऊन आला. शेवटी कधीतरी पहिला सूर आखूड पडला, दुसरा त्याहून जरा चढा, आणि तिसरा मी सोडलाच नाही, आपोआप विझेपर्यंत तसाच राहू दिला. हिराताईनं डोळे मिटले आणि तिचे ओठ हलले. मी बघितलं, तेव्हा शेठचेही ओठ हलत होते. सिंधी माणूस, फाळणीत सिंधमध्ये मागे राहिलेलं कुणी असेल. मी विचारलं नाही.

कॅसेट आली. कव्हरवर एका हिरॉइनछाप मुलीचं चित्र आणि खाली बारीक अक्षरात 'गीत व चाल : हिराबाई'. सायकलचं गाणं चालेल असा आमचा अंदाज होता, पण चाललं ते बिननावाचं गाणं.

तेव्हाची एक हळद मी विसरणार नाही. पुन्हा शिरगावच. आम्ही ते गाणं घेतलं, पहिल्या कडव्यानंतर मी तीन सूर वाजवले, आणि मांडवातून एक बाई ओरडली, "वनिता!" हशा पिकला. दुसऱ्या वेळी चार-पाच जणी ओरडल्या. "कुसुम!" "ए यमुने!" तिसऱ्या वेळी सगळा मांडवच ओरडला. ज्याची त्याची हाक, ज्याचं त्याचं माणूस. कुणाची गेलेली बहीण होती, कुणाची सासरी लांब गेलेली मैत्रीण. आणि मग लक्षात आलं, की बऱ्याच जणी समोर बसलेल्या बायकांनाच हाका मारतायत, माहेरच्या जुन्या नावांनी. एक पांढऱ्या केसांची बाई तर उठून उभीच राहिली. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला तिच्या नावानं हाक मारली होती.

मी हिराताईकडे पाहिलं. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मला वाईट वाटलं. जवळ जाऊन म्हटलं, "ताई, सुमनचं नाव मात्र कुणीच घेत नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "येडं हाव, मास्तर. तिच्याच जागेवर बसल्यात ना सगल्या."

मी त्या बाईचा चाहता होतोच. त्या दिवसापासून तिच्यासमोर बेंजो हातात घेताना मला आधी मनातल्या मनात नमस्कार करावासा वाटायचा. ज्या बाईला नाव सोडायला लावलं, तिनं एवढी नावं परत आणली. आपलं दुःख असं दुसऱ्यांना वापरायला देऊन टाकणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

नव्वदचं दशक सरता सरता ती आजारी पडली आणि थोड्याच दिवसांत गेली. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिरडीची तयारी चालली होती. तेवढ्यात फाटकातून एक अगदी वाकलेली म्हातारी आत आली, बारवीकडच्या वाडीतली. ती कुणाकडेही न बघता सरळ हिराताईपाशी गेली, खाली बसली, आणि तिनं हंबरडा फोडला.

"गो मंजुले! मना टाकून कशी गेलीस गो, मंजुले!"

हिराताईची सून माझ्या शेजारीच उभी होती. तिनं हळूच विचारलं, "मास्तर, मंजुळा कोण?"

मला ठाऊक नव्हतं. उत्तर तिच्या सासऱ्यांनी दिलं. ते भिंतीला टेकून बसले होते, मान खाली घालून.

"हिचंच नाव," ते म्हणाले. "हिरा आमी ठेवला."