माझ्या कामांची रांग कोणी बदलली?

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर हसतच आले. भूतबित काही नसतं, रिकामटेकड्यांना भास होतात, हे माझं मत. आजही साधारण तेच आहे. पण माझ्या स्वयंपाकघरात जे झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते.

हे रिटायर झाल्यावर दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादला मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो. दुसरा मजला. शेजारचे बरेच फ्लॅट रिकामे, बाल्कनीसमोर रेतीचे ढीग. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, त्यामुळे बाहेरची सगळी कामं माझ्यावर.

माझी पद्धत अशी — प्रत्येक कामाची एक वस्तू ओट्याच्या कडेला मांडायची. दळणाचा रिकामा डबा, गॅसचं पुस्तक, फॉल लावायची साडी. नळाकडून सुरुवात. आज अडेल ते पुढे, थांबेल ते मागे. चौथीपर्यंत शिकले, लिहिता येतं. पण कागद कशाखाली गेला की काम गेलं. एवढा मोठा डबा कुठे जातोय?

सून म्हणायची, "आई, डायरीत लिहा ना. नंबर टाकायचे, प्रायॉरिटी लावायची. ऑफिसात आम्ही तसंच करतो."

"तुझ्या डायरीत गॅस तीनदा लिहिलाय. आणला कोणी?"

"अच्छा बाबा, तुमचंच बरोबर!"

रांगेत सगळ्यात शेवटी माझ्या चष्म्याची रिकामी डबी असायची. म्हणजे डोळे तपासायला जायचं. कित्येक महिने ती शेवटीच होती.

एका सकाळी पाहते तर डबी सगळ्यात पुढे. दळणाच्याही आधी. मी उचलून मागे ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे!

"माझ्या वस्तूंना हात कोणी लावला?"

हे पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "ओट्यापाशी उभं राहू देतेस का मला? मी कशाला लावू?"

"मी नाही आई, बिल्कुल नाही," सून म्हणाली. मुलाला तर ओटा कुठल्या भिंतीला आहे तेही सांगता आलं नसतं.

असं कितीतरी दिवस चाललं... मी मागे ठेवायची, ती पुढे यायची. मीही हट्टाला पेटले. माझ्या स्वयंपाकघरात कुठलं काम आधी, ते मी ठरवणार!

मग एका रविवारी सगळे सरोजिनी नगरच्या बाजारात स्वेटर घ्यायला गेले. मी मुद्दाम मागे राहिले. दाराला आतून कडी, खिडकीला जाळी. डबी शेवटी ठेवली, बाल्कनीत कपडे वाळत घातले आणि आत आले — डबी नळापाशी. तीही कशी, नीट सरळ मांडलेली!

भीती नाही वाटली. अंगाची आग झाली. "जाऊन येते एकदाची, मग तरी थांब!" असं त्या रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडले, आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठला.

डॉक्टर माझ्यावरच उखडले. "माताजी, इतने दिन क्या कर रही थीं?" काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती, ती आता येणार नाही. उजवा औषधाने वाचला. आणखी थांबले असते तर तोही गेला असता.

त्यानंतर रांग कधी बदलली नाही. हे म्हणतात, तूच ठेवून विसरत असशील. सून म्हणते, देवाचा इशारा. मला दोन्ही पटत नाही. मी म्हणते, ज्याला एवढं कळत होतं, त्याने नुसती डबी सरकवत बसायचं? फेकायची होती जमिनीवर, उधळायची होती सगळी रांग! मी त्याच दिवशी गेले असते, डावा डोळाही राहिला असता. हात होते, मग तोंड नव्हतं?

कोण होतं, काय होतं, मला ठाऊक नाही. कळेल असंही वाटत नाही. पण आता डावीकडून कोणी येऊन उभं राहिलं तर मला दिसत नाही. तेव्हा पुन्हा काही सांगायचं असेल, तर समोरून यावं आणि तोंडाने सांगावं.