बुडालेल्या वाटेने मामाकडे

वडिलांचा दहावा झाला त्या संध्याकाळी आई पहिल्यांदा आपणहून बोलली. तोवर ती लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तेवढी देत होती. मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत मी पडवीत बसलो होतो. ती दाराशी आली आणि म्हणाली, "बाराव्याला अण्णा पायजे. उद्या जा आणि घेऊन ये."

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, माझा मामा. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला बाराव्याला माहेरचं लुगडं येतं. भाऊ ते घेऊन घरात येतो, बहिणीच्या खांद्यावर टाकतो, मग घराचा दुखवटा उतरला असं धरतात. सख्खा भाऊ नसला तर चुलत चालतो, तोही नसला तर माहेरच्या आडनावाचा कोणीही. पण आईला सख्खा भाऊ होता आणि तो धडधाकट होता. अडचण एवढीच की सुपा धरणाच्या पाण्यात आमचं गाव गेलं आणि आम्हाला रामनगरात प्लॉट मिळाला, तेव्हापासून मामाने आमच्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. त्याचं स्वतःचं गाव कुंभारवाड्याच्या बाजूला, उंचावर, म्हणून वाचलेलं. आई त्याला भेटायला तिकडे जायची. माझ्या लग्नाला तो बेळगावच्या कार्यालयात आला, जेवला आणि तिथूनच परत गेला. वडील गेल्याचा निरोप त्याला उशिरा पोचला, कारण निरोप्याची बस जोयड्यातच थांबली. मामाने आपल्याच विहिरीवर अंघोळ केली आणि घरी बसला.

तो का येत नाही याबद्दल घरात बरीच मतं होती. एका आत्याच्या मते वडिलांनी त्याला कधीतरी आंबट ताक दिलं होतं. दुसरीच्या मते बैलावरून काहीतरी झालं होतं. काकाचं मत शास्त्रीय होतं: "त्याला बस लागती." खुद्द मामाला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर एवढी मतं कशी तयार झाली असती?

मी सुतकात गावची शीव ओलांडावी की नाही, यावर रात्री पडवीत सभा भरली. एवढ्या गंभीरपणे लोक वडिलांच्या आजारपणातही बोलले नव्हते.

"जवळ लोखंड असलं की चालतंय," एक म्हातारे म्हणाले.

"स्कूटर काय लाकडाची हाय?" काका म्हणाला.

शेजारचे एक गृहस्थ उठले, अंगणात उभ्या असलेल्या वडिलांच्या स्कूटरला त्यांनी बोटाने टकटक केलं आणि जाहीर केलं, "पिलास्टिक हाय."

त्यावर पुन्हा चर्चा. शेवटी डिकीत एक खिळा टाकायचं ठरलं आणि धर्म सुखरूप राहिला. माझ्यासोबत काकाने यायचं, कारण त्याला वाट माहीत होती.

सकाळी निघालो. वैशाख लागलेला. हेल्मेट मी केस असताना घेतलेलं होतं. आता ते डोक्यावर हंडीसारखं फिरत होतं आणि प्रत्येक खड्ड्यानंतर त्याची काच कानावर येऊन मला एका डोळ्यानेच रस्ता दिसत होता. मागून काका वाट सांगत होता. काकाची वाट म्हणजे बुडालेल्या गावांची वाट. त्याच्या हिशेबी आत्ताचा डांबरी रस्ता ही तात्पुरती व्यवस्था आहे.

"हितनं खाली उतर. चावडीवरनं सरळ जाऊ."

"काका, खाली पाणी आहे."

"आता उन्हाळ्यात कुठलं पाणी? उगीच डोंगराला फेरा घालतोय ह्यो रस्ता. ज्यानं काढला त्याला सासरी जायचंच नसंल."

मी डांबरीवरूनच गेलो. वनखात्याचा एक फलक लागला. त्यावर वाघाचं चित्र आणि सूचना, की वन्यप्राणी रस्ता ओलांडतात, सावकाश जा. काकाने गाडी थांबवून तो पूर्ण वाचायला लावला.

"आमी बी ओलांडत होतो," तो म्हणाला. "आमचा बोर्ड न्हाई लावला कुणी."

गणेशगुडीला पोचलो तर नदीकाठी नारिंगी जाकिटं घातलेली माणसं रांगेने उभी होती. शहरातून आलेली, पैसे देऊन भिजणारी. एका हॉटेलचा तरुण धावत आमच्यापाशी आला. हेल्मेट काढलेलं माझं तुळतुळीत डोकं आणि मागे धोतरातला म्हातारा पाहून त्याने आम्हाला कुठल्या तरी आश्रमाचे समजलं असावं, कारण तो फार नम्र होता. "स्वामीजी, राफ्टिंग? सीनियर सिटिझनला वेगळं पॅकेज आहे."

"बाबा," काका म्हणाला, "पाण्यातनं वर काढून रामनगरात ठेवलंय आमाला. आता पुन्हा आत कशाला ढकलतोस?"

त्याला हा विनोद वाटला. त्याने हसून आम्हाला कार्ड दिलं.

जोयड्याच्या पुढे झाडी दाट झाली. सावलीत बरं वाटलं, तसा काकाही गप्प झाला. मी मनात मामासाठी वाक्यं जुळवत होतो. मी ग्रंथालयात काम करतो; माझी वाक्यं जुळवली की चांगली होतात आणि बोलली की बिघडतात. 'आईची इच्छा आहे' हे वाक्य फार पत्रासारखं वाटत होतं. 'चला' एवढंच म्हणावं तर तो नाही म्हणेल. आणि तो नाही म्हणाला तर आई मला काही बोलणार नव्हती. ती फक्त पाट घेऊन पुन्हा त्या कोपऱ्यात बसेल, जिथे ती दहा दिवस बसली होती, आणि उद्या कोणीतरी आडनावबंधू येऊन तिच्या खांद्यावर लुगडं टाकून जेवायला बसेल. हे मला बघायचं नव्हतं.

मामाच्या अंगणात गाडी लावली. आम्ही सुतकी, आत जायचं नाही. अंगणातच उभे राहिलो. मामी बाहेर आली, तोंडाला पदर लावून थोडं रडली, मग लांबूनच तांब्याने आमच्या ओंजळीत पाणी ओतलं.

"मामा कुठायत?" मी विचारलं.

"अगे बाय, तुमी हिकडं कसे?" ती म्हणाली. "ते तर पहाटेच गेल्यात की. तुमच्याकडंच."

"रामनगरला?"

"व्हय. लुगडं घिऊन गेल्यात. चालत. जुन्या वाटेनं."

मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी हेल्मेट काढून मामीच्या हातात देणार होतो. तिने हात मागे घेतले. सुतक.

"बघ!" काका माझ्या पाठीत बुक्की घालत म्हणाला. "सकाळपास्नं बोंबलतोय, खालनं चल, खालनं चल! डांबरीचा मोह! वाटेतच गाठला असता त्याला."

आता जुन्या वाटेने जाणं भाग होतं. म्हातारा माणूस, हे ऊन. आम्ही परत फिरलो आणि काकाने दाखवली तिथे डांबर सोडून खाली उतरलो.

धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरतं, हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. पण त्यात उतरलो कधी नव्हतो. वर डोंगरांच्या माथ्यावर हिरवं रान, आणि त्याखाली, आटलेल्या दुधाची भांड्याला कड राहते तशी एक सरळ रेघ. रेघेच्या खाली काहीच नाही. मैलोन् मैल तांबडी उघडी टेकाडं. माती भेगाळून खापरांसारखी झालेली, चाकाखाली कुरकुर मोडत होती. गुडघ्याएवढे कापलेल्या झाडांचे राखाडी बुंधे. पाखरू नाही, सावली नाही. मी पुस्तकांत वाळवंटं वाचली होती. आमच्या घरचंच एक असेल असं वाटलं नव्हतं.

काका मात्र घरी आल्यासारखा चालत होता. स्कूटरच्या पुढे तो पायी आणि मागे मी त्याच्या पावलांच्या गतीने. एका सपाट जागेतून मी सरळ गाडी घातली तर तो ओरडला.

"ए! तिथनं नको! लोकांचं अंगण हाय ते!"

"कुठे आहे अंगण?"

"ह्ये काय! सुतकात दुसऱ्याच्या अंगणातनं जातोस? वळसा घाल."

ते लोक आता आमच्याच गल्लीत, तिसऱ्या प्लॉटवर राहतात आणि काकाचं त्यांच्याशी बोलणं नाही. तरी मी वळसा घातला. पुढे एका गोठ्याला घातला, एका तुळशीला घातला. एकाही भिंतीचा पत्ता नसलेल्या त्या गावात आम्ही गल्लीबोळांतून, शिष्टाचाराने, इंजिन तापवत चाललो होतो. एका ठिकाणी काका स्वतःच चुकला, थांबला, मागे गेला आणि कोणाची तरी माफी मागितल्यासारखा मान हलवून दुसऱ्या बोळाने आला.

मामा आम्हाला आमच्या घराच्या जोत्यावर बसलेला सापडला. गाळात अर्धवट बुडालेल्या दगडांच्या चौकोनावर, डोक्यावर टॉवेल, मांडीवर पिशवी. त्याने आम्हाला पाहिलं आणि आम्हीच उशिरा आल्यासारखं म्हणाला, "आलासा?"

"मामा, चला, बसा गाडीवर," मी म्हणालो. सगळी जुळवलेली वाक्यं गेली.

"कुठं?"

"घरी. आई वाट बघतेय."

"मी घरीच आलोय," मामा म्हणाला. "मी बहीण दिली ती ह्या घरात. रामनगरात न्हाई दिली. कुणी तरी येऊन सांगितलं, उठा, आणि तुमी उठला. मला कुणी इचारलं? बहिणीचं घर बदलताना भावाला इचारतात का न्हाई?"

मला वाटतं, त्याला हे कोणीतरी विचारावं म्हणून तो एवढी वर्षं वाट पाहत असावा. ताकाचा यात कुठेच संबंध नव्हता.

"पाव्हणं," काका म्हणाला, "आमाला तरी कुणी इचारलं हुतं?"

"तुमी पळून गेलासा!"

"पाणी कमरेला लागलं हुतं! काय करायचं, मासं व्हायचं?"

"आमच्या घरात यायचं हुतं. जागा हुती."

"सगळं गाव?"

मामाने मांडीवरची पिशवी जोत्यावर ठेवली. मग म्हणाला, "लुगडं हितं ठेवून मी माघारी जाणार. तिला सांग, अण्णा घरापातूर आला हुता."

"ती इथे कशी येणार?" मी म्हणालो. "मामा, ती दहा दिवस घराबाहेर पडलेली नाही."

"जेवती का?"

"वाढलं की जेवते."

मामाने तोंड फिरवलं. उन्हाने सगळं थरथरत होतं. काका जोत्याच्या पुढच्या बाजूला गेला आणि वाकून बघू लागला.

"पाव्हणं, हिकडं या. लगीन झाल्यावर तुमची बहीण कुठनं आत आली?"

"दारातनं. कुठनं?"

"मग दाराचा उंबरा दावा मला."

मामा उठला. पुढच्या दगडांत जिथे दार असायला हवं होतं तिथे नुसती खाच होती, गाळाने भरलेली.

"दादानं, ह्याच्या वडलानं, काढून न्हेला," काका म्हणाला. "चौकटीसकट. लॉरीत घालून. रामनगरच्या दाराला बसवलाय. तुमची बहीण रोज तोच वलांडती."

मामाने वाकून खाचेतला गाळ बोटाने उकरला. "खोटं बोलतोस."

"सुतकात खोटं बोलू?"

"बघतो," मामा शेवटी म्हणाला. "तो नसला तर दारातनंच माघारी."

तो पिशवी घ्यायला वळला तेव्हा मी काकाला हळूच विचारलं, "खरंच तोच उंबरा आहे?"

"मला काय म्हाईत?" काका कुजबुजला. "एका लॉरीत आठ घरांच्या चौकटी हुत्या. कुणाची कुठं बसली, देवाला ठाऊक. दादाच्या दाराला जी बसली ती बसली."

एका स्कूटरवर तिघे. मध्ये मामा, त्याच्या आणि माझ्यामध्ये पिशवी. आता काका वाट सांगत नव्हता. मामा सांगत होता, आणि दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. एकाच्या मते ओढा उजवीकडे, दुसऱ्याच्या मते डावीकडे. ओढा तर नव्हताच. वर डांबराला लागेपर्यंत ते भांडत होते. माझ्या मानेवर मामाचा श्वास लागत होता आणि प्रत्येक वळणाला मला वाटे, हा आता उतरेल आणि परत चालू लागेल.

रामनगरात पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पडवीतली सभा होतीच. तिघांना एका गाडीवर पाहून ती उठून उभी राहिली. मामा थेट दारापाशी गेला आणि खाली बसला.

आमचा उंबरा वडिलांनी चॉकलेटी ऑइलपेंटने रंगवलेला आहे. दर दिवाळीला एक हात. त्या थरांखाली लाकूड फणसाचं आहे की सागाचं, हे आता कोणाच्या बापाला सांगता येणार नाही. मामाने त्यावरून तळवा फिरवला, पुन्हा फिरवला. काका तोंड दुसरीकडे करून बिडी शोधत होता. मी आत आईला हाक मारली.

ती आली. भावाला तसं बसलेलं बघून थबकली. काकाने बिडी शोधता शोधताच सांगून टाकलं, "वैनी, पाव्हणं उंबरा बघाय आल्यात. जुन्या घराचा हाय का म्हणून."

आईने उंबऱ्याकडे पाहिलं नाही. ती भावाच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत होती.

"तोच हाय का गं?" मामाने विचारलं.

"तोच हाय," आई म्हणाली.

मामा उठला. पुढे काहीही न विचारता उंबरा ओलांडून आत आला, आणि बारावा उद्या आहे हे विसरून पिशवीतून लुगडं काढू लागला. आईने ते त्याच्या हातातून घेतलं, घडी पुन्हा नीट केली आणि म्हणाली, "उद्या. आदी पाय धू."