एकशेवीसवर टाकलेला फोन

सिस्टिम अपडेट झाल्यावर "तुमचा फोन आता आणखी सुरळीत चालेल" असा मेसेज आला. त्या दिवसापासून फोन इतका सुरळीत चालायला लागला की नंबर लावून मी चहा पिऊन यायचो, तेव्हा कुठे समोर रिंग जायची.

कुरुळीतल्या खोलीवरचा माझा रूम पार्टनर आमच्याच कंपनीत मशीन चालवतो. टार्गेट मागे पडलं की मशीनच्या स्पीडचा नॉब शंभरवरून एकशेवीसवर फिरवायचा, हा आमच्या शेडचा सगळ्या रोगांवरचा एकच इलाज. "भावा, फोन म्हणजे तरी काय, मशीनच की," म्हणत त्याने सिस्टिमचं लॉक तोडलं आणि प्रोसेसरचा वेग मर्यादेच्या वर नेऊन ठेवला.

"तापतोय राव," मी म्हणालो.

"मशीन तापत नाही का? हवा दे त्याला."

मग खोलीतला एकुलता एक टेबलफॅन फोनच्या सेवेला लागला आणि आम्ही दोघं घाम पुसत बसलो.

फोन मात्र खरंच पळायला लागला. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर मी हजेरीचं अ‍ॅप उघडलं. एरवी ते उघडेपर्यंत मागची लाइन शिव्या घालायची. आज बोट लागताच उघडलं आणि लगेच म्हणालं, "या फोनच्या सिस्टिममध्ये छेडछाड झाली आहे. हजेरी लावता येणार नाही."

युनिफॉर्म घालून, वेळेच्या आधी गेटवर उभं राहून, इतक्या झटपट खाडा पडलेला कामगार मी पहिलाच असेन.