लग्नघरातली दुसरी पत्रिका आणि कुमुदअक्का

कुमुदअक्कांची आणि माझी ओळख भीतीतून झाली. ताईचं लग्न आठवड्यावर आलं होतं. नशिराबादला आमच्या घरी पिंपळनेरहून मामांचा फोन आला, "दाजी, तुमनी दुसरी पत्रिका उघडी नही राहिनी!"

पप्पा म्हणाले, "उघडत नाही? आणि दुसरी कुठली? मी एकच पाठवली."

पप्पांनी अशीच कुणाची तरी आलेली पत्रिका उघडली होती, आणि त्यांच्या नकळत त्यांच्या व्हॉट्सॲपवरून सगळ्या सोयऱ्यांना एक फाइल गेली होती. नाव 'लग्नपत्रिका', पण आत होतं ॲप. घरात खरंच लग्न, आणि आपल्याकडे पत्रिका न उघडणं म्हणजे अपमानच. फोनने परवानगी मागितली की लोक भराभर 'होय' दाबत गेले.

अक्का जळगावच्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवायच्या. लवकर निवृत्ती घेऊन अशा फसलेल्या लोकांना त्या फुकट मदत करतात, असं ऐकून मी पप्पांना तिकडे नेलं. त्यांनी आधी फोनचं इंटरनेट तोडलं, मग आम्हाला पाणी दिलं.

"भाऊ, हा फोन आता तुमचा नाही," त्या म्हणाल्या. "तो सारखा कुठल्यातरी सर्व्हरला विचारतो, मालक, काय करू? मग बँकेचे मेसेज वाचतो, तुमच्या नावाने नवीन माणसं पकडतो. असे हजारो फोन एकाच मालकाचे हुकूम ऐकतात. त्या फौजेला बॉटनेट म्हणतात."

पप्पा एवढंच म्हणाले, "अक्का, व्याही काय म्हणतील? लग्न मोडलं तर?"

"तुम्हीच सांगा त्यांना. मेसेज नको, तुमचा आवाज ऐकू द्या. माझ्या फोनवरून लावा."

पप्पांनी व्याह्यांना सगळं सांगितलं. व्याही म्हणाले, "मी तर उघडली, भाऊ. पण तुम्ही स्वतः सांगितलं, बरं केलं. आता काय करू ते सांगा."

पप्पा एकेकाला फोन लावत बसले. तोवर अक्कांनी बिघडलेले फोन इंटरनेटवर कुठल्या नावाच्या सर्व्हरला विचारतात ते शोधून सायबर पोलिसांना कळवलं. पोलिसांनी ते नाव, म्हणजे मालकाचा इंटरनेटवरचा पत्ता, ताब्यात घेतलं आणि स्वतःच्या सर्व्हरकडे वळवलं. फोन विचारत राहिले, पण हुकूम देणारा उरला नाही. उलट कोणकोणते फोन बिघडलेत तेच कळत गेलं.

बिघडलेले फोन मात्र एकेक हातात घेऊनच साफ करावे लागतात. लग्नाच्या दिवशी अक्का मांडवाच्या दारातच खुर्ची टाकून बसल्या. "आधी फोन, मग अक्षता!" धुळ्याच्या एका आत्यांनी टोमणा मारला, "आहेरात फोन घ्यायला लागल्या का, अक्का?" अक्का हसल्या आणि आत्यांच्याच फोनमधून ते ॲप काढून दाखवलं. आत्यांचा चेहरा उतरला. ताईचं लग्न वेळेवर लागलं.

मी उत्साहात म्हणालो, "अक्का, संपलं ना!"

"कुठलं? मालक सापडलाय का? तो नवीन नाव घेईल, नवीन पत्रिका काढेल."

तेव्हापासून ओळखीच्या माणसाची फाइल आली तरी मी आधी फोन करून विचारतो. अक्कांनी मला हेच काम शिकायला बसवलं, चुकलो की रागावल्या, आणि घाबरून पळू दिलं नाही.

आज अक्कांना साठ वर्षं पूर्ण होतायत. अक्का, गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या, ठणठणीत राहा. तो मालक अजून मोकळा फिरतोय. तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त जगा.