अनंतरावांची बरणी

नेरच्या दवाखान्यात रक्त-लघवीचे नमुने सांभाळणारा धर्मपाल पेशंटची कीव करी, पण अनंतरावांची नाही. "बाप्पा, काय तोरा या माणसाचा!" म्हणे. छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेऊन धर्मपालनं गावची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, ते कायमचं. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात त्याची बायको इंदूबाई बाजारात भाजीची टोपली घेऊन बसली, आणि तहसिलीतून पेन्शनीत निघालेल्या अनंतरावांनी विटाळ नको म्हणून भाजी खाणंच टाकलं. डाळही टाकली. नुसता साबुदाणा आणि साखरेचा चहा! कुठल्या कारखान्यात, कोणाच्या हातचा तो साबुदाणा, हे मात्र विचारू नये.

दोन महिन्यांत पाय लुळे पडले. दोघांनी धरून दवाखान्यात आणलं. रक्तातलं पोटॅशियम पार घसरलं होतं. ते लघवीवाटे जातं की दुसरीकडून, हे बघायला डॉक्टरांनी दिवसरात्रीची सगळी लघवी एका बरणीत जमवायला सांगितली. धर्मपालनं ती मोजली, त्यातला नमुना बसनं नागपूरला धाडला. उत्तर आलं: लघवीत पोटॅशियम जवळजवळ नाहीच.

अनंतराव खाटेवरून गरजले, "यानं पाणी ओतलं! हाकला याला!"

धर्मपालच्या अंगाची आग झाली. नोकरी गेली तर पुन्हा त्याच ढोरांकडे? मेला तरी जाणार नव्हता.

"मी कायले पाणी घालू?" तो म्हणाला.

डॉक्टरांनी कागद पुढे धरला. "पाणी घातलं असतं तर सगळंच पातळ झालं असतं. बाकीचं सगळं जिथल्या तिथे आहे, फक्त पोटॅशियम कमी. खाण्यातून मिळेनासं झालं की मूत्रपिंडं हात आखडतात. एका दिवसात नाही जमत, आठ-पंधरा दिवस लागतात. अगदी शून्यावर आणता येत नाही, थोडं जातंच. पण तुमच्या मूत्रपिंडांनी होतं तेवढं धरून ठेवलं. मग गळती कुठून?"

अनंतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाबाई. "रोज पहाटे जुलाब घेतात. पोट शुद्ध राहावं म्हणून."

"आता घ्या!" धर्मपाल मनात म्हणाला.

जुलाब बंद झाला. औषध, डाळ, केळी, पालेभाजी सुरू झाली. भाजी रत्नप्रभाबाई इंदूबाईकडूनच नेत, नवऱ्याला न विचारता. तीन आठवड्यांनी अनंतराव स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आले. धर्मपालकडे न बघता डॉक्टरांना म्हणाले, "त्याला सांगा, मी त्याला माफ केलं."

धर्मपालनं हातातली बरणी खाली ठेवली.

"मले नको तुमची माफी. तुमच्या गुर्द्यांची मागा. तुमी रोज पहाटे सांडत होते, अन् ते बिचारे थेंब थेंब जपून राह्यले होते. तुमच्या अंगात तेवढेच शहाणे निंगाले."

अनंतरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर हसत होते. धर्मपालनं बरणी उचलली आणि धुवायला नेली.