काकांचं कोरं बोट

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या पुढे अख्खं जग गेलेलं आहे, आणि ते काकांनी स्वतः हात दाखवून पाठवलेलं आहे. मी जर्मनीत हायडेलबर्गला पीएचडी करत होतो तेव्हाची गोष्ट. शनिवारी बेकरीत "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करता करता पाव संपायचे आणि काका हात हलवत घरी यायचे. सगळ्यांना ट्राममध्ये चढवून स्वतः खालीच राहायचे. काकू वैतागून म्हणायच्या, "अरे, पंगतीत दुसऱ्यांना वाढायला उठले होते हे. स्वतःच्या लग्नात!"

अशा माणसाने साठीपर्यंत एकदाही मत दिलं नव्हतं यात नवल ते काय! पुण्यात दोनदा रांगेत उभे राहिले आणि दोनदा कोरं बोट घेऊन परतले. पुढे अमेरिकेत गेले, तिथला पासपोर्ट मिळाला आणि लगेच नोकरीने हायडेलबर्गला आणलं. दोन हजार आठच्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या एका पक्षाचा उमेदवार निवडायला परदेशातल्या अमेरिकनांचं मतदान आमच्याही गावात ठरलं, तेव्हा काकांना जेवण गोड लागेना. "एकदा तरी द्यायचंय रे," म्हणाले. काकूंनी मला पहाऱ्याला धाडलं. "कुणाला पुढे सोडू देऊ नकोस हं त्यांना."

गावात एवढे अमेरिकन आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. रांग हॉलमधून निघून चक्क नदीपर्यंत गेलेली. तासाभराने दार दिसू लागलं, तेवढ्यात तान्ह्या बाळाला घेऊन एक बाई आली. "आधी तुम्ही." मग काठीवाले आजोबा. मग कुडकुडणारी कॉलेजची पोरं. मी बाही ओढून ओढून थकलो. आठ वाजता हॉलचा हाउसमाइस्टर, म्हणजे तिथला रखवालदार, किल्ल्या वाजवत आला. "आल्झो, चला, आत आहेत तेवढेच!" आणि काका पायरीवर! मला तर रडूच येणार होतं. इतक्यात आतून ती बाई ओरडली, "ते माझ्या आधी होते!" "आमच्याही!" पोरं म्हणाली. आजोबांनी दारात काठी अडकवली आणि सगळ्यांनी मिळून काकांना आत ओढलं.

बाहेर आले ते बोट न्याहाळत. "शाई लावत नाहीत रे इथे. हिला पटायचं कसं?" मी खिशातलं बॉलपेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि माझ्याच बोटावर रेघ ओढायला लागले.

"अहो काका, मला कुठलं मत? माझं नाव नाशिकच्या यादीत, मी इथे!"

"म्हणूनच," काका म्हणाले, "आधी तू."

काका अमेरिकेला परत गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा नाशिकला मत देऊन आलो आणि बोटावरची शाई बघून त्यांची फार आठवण आली. रांगेत मागच्या आजींना मी पुढे सोडलं होतं, हे त्यांना कळवायला हवं.