रेषेच्या आतली गिरणी

विकास हा शब्द ऐकला की माझं डोकं तापतं. लोक म्हणतात, बाई, तुम्ही शाळेत शिकवता, तुम्हीच असं बोलायला लागलात तर पोरांनी काय शिकायचं? पोरं काय शिकायचं ते शिकतील. मला माझ्या आईच्या गिरणीचं सांगायचंय.

पैठण गेटाकडून गुलमंडीकडे येताना एक गल्ली फुटते. तिच्या तोंडाशीच आमची पिठाची गिरणी होती. वडिलांनी घातलेली. ते गेले तेव्हा मी कॉलेजात होते. नातेवाइकांनी दिवसकार्याच्या जेवणातच सल्ले वाढायला सुरुवात केली: गिरणी भाड्यानं द्या, बाईमाणसाचं काम नाही हे. आईनं सगळ्यांना पोटभर जेवू घातलं, हात जोडून वाटेला लावलं आणि पदर खोचून स्वतः मशीनचा पट्टा चढवला. त्या गिरणीवर माझं उरलेलं शिक्षण झालं, माझं लग्न झालं, आणि आईला गल्लीत जो मान होता तोही त्या गिरणीमुळेच होता.

गिरणीत डबा ठेवला की आईचा पहिला प्रश्न असायचा, "कशावर टाकू?" जो कधी गिरणीची पायरी चढला नाही त्याला हे कळायचं नाही. गव्हावर गहू पडला पाहिजे, ज्वारीवर ज्वारी. ज्वारीनंतर लगेच गहू टाकला तर आधीचं पीठ त्यात मिसळतं, पोळी काळपट होते आणि घरात सासूचा आवाज चढतो. बेसन सगळ्यात शेवटी. उपवासाची भगर तर गिरणी झाडून पुसून, सकाळी सगळ्यांच्या आधी. त्यामुळे आधी आलेल्याचा डबा मागे आणि मागून आलेल्याचा पुढे, असं रोजच चालायचं. पण कुणी भांडायचं नाही. रमजानात भज्यांच्या बेसनाची गर्दी, दिवाळीत चकलीच्या भाजणीची, तरी प्रत्येकाला ठाऊक असायचं की आपला नंबर धान्याप्रमाणे लागणार आहे, ओळखीप्रमाणे नाही. पुढे सरकारी टेबलांसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा मला या गोष्टीची किंमत कळली.

गिरणीच्या बरोब्बर समोर एका चाचांचं गादी-रजयांचं दुकान होतं. कापूस पिंजायचं मशीन, मागे गाद्यांची चळत आणि सगळ्यावर पांढरी भुरभूर. आमच्याकडे पिठाची, त्यांच्याकडे कापसाची. संध्याकाळी दोन्ही दुकानं बंद झाली की आई आणि चाचा दोघंही एकाच रंगाचे दिसायचे. चाचा आईला भाभी म्हणायचे, ती त्यांना भाई म्हणायची, आणि उन्हाळ्यात एकमेकांच्या दारात पाण्याचा सडा घालण्यावरून दोघं मजेत भांडायचे.

रस्ता रुंद होणार अशी बोंब माझ्या लहानपणापासून होती. लांडगा आला रे आला, तसं. म्हणून खरोखरच टेप, नकाशा आणि टोपीवाले साहेब आले तेव्हाही गल्लीला ते खरं वाटेना. मी त्या वेळी कन्नडच्या पुढं एका खेड्यात मास्तरीण होते, आठवड्यातून एकदा एसटीनं घरी यायचे. त्यामुळे तो प्रसंग मला चाचांच्या आणि आईच्या तोंडूनच कळला, आणि दोघांच्या सांगण्यात एका अक्षराचाही फरक नव्हता. साहेबांनी नकाशा पाहिला, गिरणीकडे बोट केलं आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "ही गिरणी आत आहे." मग वळून चाचांच्या दुकानाकडे बोट केलं. "हे बाहेर." आणि जाता जाता गल्लीला म्हणाले, कुणाची हरकत असेल तर ऑफिसात या.

आता आमच्या जुन्या गावात 'आत' या शब्दाला काय वजन आहे ते सांगितलं पाहिजे. आमचं शहर दरवाज्यांचं. दरवाज्याच्या आत राहतो तो आतला, तो मूळचा, त्याला कुणी हलवू शकत नाही. सिडको, गारखेडा हे सगळं बाहेर. एखाद्याची मुलगी गारखेड्यात दिली तर बायका हळहळून म्हणायच्या, बाहेर दिली. भाडेकरूनं खोली सोडली तर, बाहेर गेले बिचारे. आत म्हणजे सुरक्षित, बाहेर म्हणजे गेला. आमच्या गल्लीत तरी या दोन शब्दांना दुसरा अर्थ कुणाला माहीत नव्हता.

तर आईनं पेढे वाटले. अख्ख्या गल्लीत. गिरणी वाचली म्हणून देवाला नारळ फोडला. आणि चाचा दुकानाच्या पायरीवर बसून रडले. "मैं तो बाहर गया, भाभी. अब्बा के जमाने की दुकान है." आई त्यांच्या हातावर पेढा ठेवेना, तिलाच लाज वाटली. ती म्हणाली, "भाई, असं काय रडता बायावानी? माझ्या गिरणीत मागची बाजू रिकामीच हाय. तिथं गाद्या ठेवा. मशीनचं बघू पुढं." चाचांनी डोळे पुसले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण बरं वाटलं असावं.

मी शनिवारी पोचले तेव्हा माझ्या हातावरही पेढा पडला. मीही खाल्ला. आई म्हणाली, "तू शिकलेली हायस. सोमवारी रजा टाक आन् भाईसंगं ऑफिसात जा. त्यांची हरकत दे. म्हनावं, यांना बी आत घ्या. एवढ्या वर्षांचा शेजार हाय आमचा."

सोमवारी आम्ही गेलो. चाचांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, अत्तर लावलं होतं. आधी या टेबलावर, मग त्या टेबलावर, मग साहेब चहाला गेलेत. सरकारी काम, सहा महिने थांब, हे नुसतं ऐकून माहीत असणं वेगळं आणि भिंतीला टेकून उभं राहणं वेगळं. शेवटी साहेब आले. चाचांनी हात जोडले.

"साब, मेहेरबानी करो. मेरे कू भी अंदर ले लो."

साहेबांनी चष्मा काढला. "काय?"

"भाभी अंदर है, मैं बाहर हूँ. मेरे कू भी अंदर लो."

साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, यांना दुकान पाडून हवंय का?"

मी म्हटलं, "नाही हो. वाचवून हवंय."

"वाचलंय की! बाहेर आहे ते रेषेच्या. आत असतं तर पडलं असतं." त्यांनी नकाशा फिरवून माझ्यापुढे केला. त्यावर दोन समांतर रेषा होत्या. त्या दोन रेषांच्या आत रस्ता होता. आणि रस्त्यात, त्यांच्या बोटाखाली, आमची गिरणी होती.

मी ओरडले. ऑफिसात ओरडणाऱ्या बायकांकडे मीही पूर्वी नाक मुरडून पाहिलं होतं, पण त्या दिवशी मी गळा फाडून ओरडले. "मग रस्त्यात आहे म्हणा ना! पाडणार आहोत म्हणा! आत म्हणजे काय? आत म्हणजे कुठे? माझ्या आईनं पेढे वाटलेत!"

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खरंच गोंधळले. ते म्हणाले, "अहो, आम्ही सगळीकडे असंच म्हणतो. आत म्हणजे अलाइनमेंटच्या आत." मग हळू आवाजात, "पण हरकतींची मुदत संपली हो शुक्रवारी."

मला आजही राग येतो तो याचाच. दुष्टपणाचा राग करता येतो, त्याला शिव्या देता येतात. इथं कुणी दुष्टच नव्हतं. एक माणूस आपल्या टेबलाची भाषा बोलला, आमच्या लोकांनी ती आपल्या गल्लीच्या भाषेत ऐकली, आणि तेवढ्यात मुदत संपून गेली. लोकांची घरं पाडायला निघालात तर निदान त्यांना कळेल असं एक वाक्य बोलायला काय जातं तुमचं?

परत येताना चाचा माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. त्यांचं दुकान वाचलं होतं आणि त्यांना हसता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "बेटा, भाभी कू तू बोल. मेरे से नै होता."

आई बेसन दळत होती. "झालं का भाईंचं?" तिनं आवाजावर आवाज चढवून विचारलं. मी सांगितलं. तिला वाटलं मशीनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. मी परत सांगितलं. तिनं गिरणी बंद केली आणि म्हणाली, "त्यानं आत म्हनलं. माझ्या कानानं ऐकलं मी. आत म्हनलं त्यानं." दुसऱ्या दिवशी ती स्वतः ऑफिसात जाऊन हेच बोलून आली. नंतर वकिलाकडे हेच बोलली, वॉर्डातल्या पुढाऱ्याकडेही हेच. सगळ्यांनी मान हलवली, सगळ्यांनी चहा पाजला. त्या काळात मी इतका फुकटचा चहा प्यायले की अजून कुणी चहा विचारला तर मी उठून निघते.

पाडायला मशीन आलं त्या दिवशी गल्लीत बघ्यांची जत्रा होती. जात्याचे दगड, मोटार, पट्टा आम्ही आधीच काढून घेतले होते. भिंत पडली तेव्हा वर्षानुवर्षांचं पीठ एकदम उडालं आणि पुढे उभे असलेले सगळे खोकायला लागले. एका पुढाऱ्यानं तिथंच उभं राहून नागरिकांच्या सहकार्याबद्दल आभार मानले. आई त्याच्याकडे बघत होती. तिनं कसलं सहकार्य केलं होतं हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

चाचांनी आपल्या दुकानाची अर्धी जागा रिकामी केली. खरोखर केली, नुसतं तोंडदेखलं नाही. "मशीन यहाँ लगा लो, भाभी." आईनं आत जाऊन पाहिलं, वर उडणारा कापूस पाहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "भाई, पिठात कापूस आन् गादीत पीठ. दोघांची बी गिऱ्हाइकं आपल्याला मारतील."

मग आम्ही गारखेड्यात एक गाळा भाड्यानं घेतला. बाहेर गेलो. तिथल्या सोसायट्यांत निम्म्या घरांत घरघंटी, उरलेल्यांत पाकिटातलं पीठ. दिवाळीला भाजणी घेऊन बायका यायच्या आणि आईनं "कशावर टाकू?" विचारलं की म्हणायच्या, कशावरही टाका हो मावशी, लवकर द्या फक्त. आईला ते सहन होत नसे. ती तरीही थांबायची, गव्हावर गहू येईपर्यंत, आणि बायका डबा उचलून निघून जायच्या. शेवटी जाती आणि मोटार वैजापूरच्या एका माणसानं नेली. ट्रक गेल्यावर आई झाडू घेऊन तो रिकामा गाळा किती तरी वेळ झाडत राहिली. मला तिचा राग आला, मग रडू आलं, मग परत राग आला.

आणि रस्ता? रस्ता आमची गिरणी खाऊन, आणखी दोन दुकानं खाऊन एका मोठ्या इमारतीपाशी पोचला आणि थांबला. कोर्टाचा स्टे आला म्हणे. त्या इमारतवाल्यांना 'आत'चा अर्थ पहिल्या दिवसापासून कळला होता. आमच्या जागी आधी राडारोडा पडून राहिला, मग कचरा, मग मोटारसायकली, पाणीपुरीचा गाडा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर लावायला खांब. मी ऑफिसात पाच-सहा वेळा तरी गेले. साहेब बदलले, उत्तर तेच: काम प्रगतिपथावर आहे. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, पाट्या नव्या लागल्या. गल्ली जेवढी होती तेवढीच राहिली.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मी आईला घेऊन गुलमंडीला निघाले. गारखेड्यातून रिक्षा केली. पैठण गेटाच्या पुढे आलो आणि सगळं ठप्प. पुढे रिक्षा, मागे रिक्षा, मध्ये एक टेम्पो आडवा. नेमकं त्या गल्लीच्या तोंडाशी. आईनं तिकडे पाहिलं नाही. ती कधीच पाहत नाही, समोर बघून बसते.

रिक्षावाला तरुण होता, घाईत होता. त्यानं दोन-तीनदा हॉर्न दाबला आणि वैतागून आरशात आमच्याकडे बघत म्हणाला, "क्या करते मौसी, इस शहर का कुछ नै हो सकता. रोड कैसा बढ़ेंगा? लोगां जगाच नै छोड़ते."

मी तोंड उघडलं होतं. पण आई आधी बोलली, अगदी शांतपणे.

"हमने छोड़ी थी, बेटा. वो गाड़ियाँ खड़ी हैं ना, वहाँ मेरी चक्की थी. रोड के लिए दी."

त्यानं मान वळवून मोटारसायकलींकडे पाहिलं, मग आईकडे. "तो फिर रोड किधर गया?"

आई माझ्याकडे वळली. "सांग की त्याला," ती म्हणाली. "तूच गेली होतीस ना ऑफिसात."